बी क्लासच्या बाई

आमच्या वाडीच्या महिला समितीची मी अध्यक्ष झाले ती खुर्च्यांमुळे. अंगच्या गुणांमुळे झाले असा माझा बरेच दिवस समज होता. तो कुणी मोडलाही नाही, कारण ज्यांनी मोडायचा त्या सगळ्याजणी आमच्याच दिवाणखान्यात, आमच्याच सतरंजीवर, आमचाच चहा पीत बसलेल्या असत.

गिरगावात वाडीच्या तोंडाशी आमचं दुमजली घर आहे. मागच्या दोन चाळीही सासऱ्यांनीच बांधलेल्या. आम्ही पाठारे प्रभू. लोक म्हणतात की ही मुंबई आमच्या डोळ्यांदेखत उभी राहिली आणि ती उभी राहत असताना आम्ही जेवत होतो. यात खोटं काही नाही. माझे यजमान शरदचंद्र (वय झालं, आता नाव घेते, उखाणा कुणी मागू नये) सॉलिसिटर आहेत. तेही जेवतात.

गेल्या साली, म्हणजे छप्पन साली, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी घराघरांतून माणसं सत्याग्रहाला निघू लागली. वाडीतल्या बायकांनीही आपली समिती काढायची ठरवली. बसायला जागा आमच्याकडे, पंखा आमच्याकडे आणि वेताच्या सहा खुर्च्याही आमच्याकडेच. त्यांतल्या एकीवर मी बसले होते.

"मग अध्यक्ष राजलक्ष्मीबाईच," आनंदीबाई म्हणाल्या आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

आनंदीबाई मागच्या चाळीत राहतात. कारकुनाच्या विधवा. चाळीतल्या मुलींना शिवण शिकवतात आणि त्यांच्या आयांना अक्कल. त्या चिटणीस झाल्या. घरोघर निरोप देणं, सासवांची समजूत घालणं, फलक रंगवून घेणं, लालबाग-परळच्या बायकांशी जाऊन बोलणं हे त्यांचं काम, आणि सगळ्यात शेवटी उठून 'भगिनींनो' म्हणणं हे माझं. कामाची अशी वाटणी झाली की संस्था छान चालते, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे.

एकदा मला समतेचा झटका आला. भर सभेत मी खुर्चीवरून उठले आणि सतरंजीवर जाऊन बसले. झालं असं की मी बसले तशा सगळ्या हातभर मागे सरकल्या. मी पुढे सरकले, त्या आणखी मागे. कडेच्या दोघी जिन्यात गेल्या. सभा संपल्यावर मला उठता येईना, कारण गुडघ्यांना समता कुणी शिकवली नव्हती. दोघींनी काखेत हात घालून मला उभं केलं.

"खुर्चीच बरी हो तुम्हाला," आनंदीबाई म्हणाल्या. "तुम्ही वर असलात की आम्हाला पाय पसरता येतात."

मला वाटलं, बाई गंमत करताहेत. मी हसले सुद्धा.

पावसाळा सरत आला तेव्हा गिरगाव आणि लालबाग मिळून बायकांची एक तुकडी सत्याग्रहाला पाठवायची ठरली. त्या सभेला लालबागहून कौसल्या आली. गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, काम करायची. कडेवर दोन वर्षांची राधा, नुकतीच गोवरातून उठलेली, मान पक्ष्याच्या पिलासारखी. जानेवारीतल्या गोळीबारात कौसल्येचा धाकटा भाऊ गेला होता. मोर्च्यातही नव्हता बिचारा, कामावरून घरी येत होता. मी त्याच्यावर पाच-सहा वाक्यं फार चांगली बोलले. सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. कौसल्येच्या मात्र आलं नाही. ती राधेला पंखा दाखवत होती.

"माका येवचाच आसा," ती म्हणाली. "भावासाठी. दुसरा काय माझ्या हातात नाय."

"अगं, पण मुलीचं काय?" मी विचारलं.

"सासू गावाक गेली. नवरो पाळीवर. तिका घेवनच येतलंय."

आणि तिनं आनंदीबाईंकडे बघितलं. आनंदीबाई म्हणाल्या, "ते आम्ही बघतो. तुम्ही काळजी करू नका." काळजी करू नका असं कुणी म्हटलं की मी ती लगेच सोडून देते. ही सवय मला लहानपणापासून आहे.

रात्रीच्या जेवणाला मी शरदचंद्रांना सांगितलं की मी तुरुंगात जाणार. त्यांनी माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "हौस आहे तर जा," ते म्हणाले. "आपल्याला बी क्लास मिळतो. खाट असते, गादी असते, पाव-लोणी, सकाळ-संध्याकाळ दूध. हवापालट होईल तुझा."

हे 'हौस' मला भारी झोंबलं. पंधरा वर्षांत यांनी मला कशाला 'नाही' म्हटलेलं नाही. पेटी शिकायची हौस, फोटोग्राफीची हौस, आता संयुक्त महाराष्ट्राची. जाता जाता मुलाला फुगा घेऊन द्यावा तशी मला परवानगी मिळते. त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं की बी क्लास नाकारायचा. भर कोर्टात नाकारायचा. मग आठवडाभर आरशासमोर उभी राहून मी तो नाकारत होते. एकदा हात उंचावून नाकारला, एकदा हात जोडून. हात उंचावून अधिक चांगला वाटला.

नेसायला जाडंभरडं काहीतरी हवं म्हणून कपाट उपसलं तर एकच खादीचं पातळ निघालं. ते नेसून तुकडीत हजर झाले. आनंदीबाई बघतच राहिल्या. "अहो, खादी? या दिवसांत? पोलीस पकडायचे सोडून तुम्हालाच सलाम ठोकतील. काँग्रेसच्या बाई चुकून आमच्यात आल्या वाटेल." मग नलूचं एक साधं लुगडं मागून आणलं. नलू म्हणजे आनंदीबाईंच्या शेजारची, पोस्टातल्या कारकुनाची बायको. तिची शरीरयष्टी काडीसारखी. माझी कशी ते सांगत नाही, पण लुगडं माझ्याभोवती जेमतेम पोचलं.

जमावबंदी मोडून आम्ही फोर्टाच्या दिशेनं निघालो, घोषणा दिल्या आणि सगळ्या जणी रीतसर पकडल्या गेलो. गाडीत चढताना मला दोघांनी ढकललं. एक पोलीस होता, एक आनंदीबाई.

कोर्टात नंबर लागला. कौसल्येला नाव विचारलं, गाव विचारलं आणि पुढे ढकललं. माझं नाव ऐकल्यावर मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मान वर केली. शिक्षण किती, यजमान काय करतात, प्राप्तिकर भरता का, असं सगळं अदबीनं विचारलं. मग म्हणाले, "पंधरा दिवस. बी क्लास."

झालं. आठवडाभर ज्याची वाट बघितली तो क्षण आला. मी हात उंचावला.

"साहेब, मला बी क्लास नको! माझ्या भगिनी जमिनीवर निजणार आणि मी गादीवर? माझ्या भगिनी भाकरी खाणार आणि मी पाव-लोणी? जे त्यांचं तेच माझं!"

कोर्ट दणाणून गेलं. दादरच्या तुकडीतली पद्मजा नावाची कॉलेजातली मुलगी धावत आली आणि तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. वर्तमानपत्राचा एक माणूस माझं नाव विचारून गेला. मी ते दोनदा सांगितलं. "मर्जी तुमची," मॅजिस्ट्रेट म्हणाले आणि त्यांनी काहीतरी खोडलं. आनंदीबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्या हातात वळकटी होती, म्हणून असेल असं मी धरलं. कौसल्या ढसाढसा रडत होती. इतके दिवस भावासाठी न रडलेली बाई माझ्या भाषणानं रडली, हे बघून मला स्वतःबद्दल जे काय वाटलं ते आता लिहवत नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळी बराकीत ताटल्या आल्या. जाडी भाकरी आणि तळ दिसणारी डाळ. मी पहिला घास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "छान आहे!" कौसल्या भाकरीचा चुरा डाळीत कालवून राधेला भरवत होती. पोर घास घ्यायची, क्षणभर तोंडात धरायची आणि ओकायची. अंग कढत होतं.

"कौसल्या," मी म्हटलं, "आता मीही तुमच्यातलीच."

"होय बाईनू," ती म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

आनंदीबाईंनी माझा दंड धरला आणि मला अंगणातल्या नळाकडे नेलं. त्या हळू बोलत होत्या, पण त्यांचं हळू बोलणंसुद्धा टाके घातल्यासारखं असतं.

"बी क्लास सोडलात तो कुणाला विचारून?"

"विचारायचं काय? त्याग विचारून करतात का?"

"तुम्हाला बी क्लास मिळणार हे आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. बी क्लासला दोन वेळा दूध मिळतं. राधेला डॉक्टरनं दुधाशिवाय काही देऊ नका म्हणून सांगितलंय. तुमच्या दुधाच्या भरवशावर मी कौसल्येला म्हटलं, घेऊन ये पोरीला, बिनघोर ये."

मग सुचलं ते असं: "पण मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच्यावर भाषण केलं असतं. कोर्टात."

केलं असतं. हात उंचावून केलं असतं.

"आणि अध्यक्षांना असलं काही सांगतं का कुणी? आम्ही धरून चाललो होतो की तुम्ही जशा आहात तशाच राहाल. एवढंच तर तुमच्याकडून हवं होतं." त्यांनी नळाखाली हात धुतले. "तुम्ही सोडलंत, तुम्हाला टाळ्या मिळाल्या. कौसल्येकडे सोडायला आहे काय? पोर तेवढी आहे."

मी तरातरा मेट्रनबाईंकडे गेले. मोठ्या आवाजात सांगितलं की आजारी मुलीला दूध द्या. मेट्रनबाई कोल्हापूरकडच्या, भक्कम बांध्याच्या. त्या म्हणाल्या, मुलांचं म्हणून जे येतं ते सकाळी आलं, वाटून झालं. पुढे मी ते बघितलं. पाण्यात दुधाचं बोट बुडवून काढलेलं.

"मग माझं बी क्लासचं मला परत द्या. मी त्या मुलीला देईन."

मेट्रनबाईंनी इकडेतिकडे बघितलं. "हे बोललात ते मी ऐकलं न्हाई. बी क्लासचं दूध बी क्लासच्या कैद्यानंच प्यायचं, असा कायदा हाय. दुसऱ्याला दिलेलं ऐकू आलं तर मला बंद करावं लागंल, आणि माझीबी चौकशी हुईल. दिसायचं म्हणाल तर मला डोळ्यांनी जरा कमी दिसतं. पर कान खणखणीत हाईत. तवा बोलायचं न्हाई. आत न्हाई, भायेर न्हाई." मग म्हणाल्या, "उद्या सकाळी सुपरिंटेंडेंट साहेबांची फेरी हाय. ज्याला काही मागायचं त्यानं रांगेतनं हात वर करायचा. तुम्हाला हात वर करायचा सराव हाय."

म्हणजे कोर्टातली बातमी इथवर पोचली होती.

सकाळी अंगणात सगळ्यांची रांग लागली. गिरगाव-लालबागच्या आम्ही, समोर दादरच्या, पलीकडे परळच्या. माझ्या शेजारी आपली रांग सोडून आलेली पद्मजा उभी होती आणि अभिमानानं माझ्याकडे बघत होती. साहेब आले, काठी काखेत. "कुणाला काही सांगायचं?"

मी हात वर केला. पद्मजा आनंदानं टाळ्या वाजवायच्या बेतात होती.

"साहेब, मला बी क्लास हवा."

"काल कोर्टात तुम्हीच नाकारला ना?"

"हो."

"मग एका रात्रीत काय झालं? प्रकृतीची तक्रार आहे? डॉक्टरांना बोलावू?"

डॉक्टर आले असते तर माझी प्रकृती ठणठणीत आहे हे त्यांनी नुसतं लांबून बघून सांगितलं असतं. खोटं बोलायचं तर पोटदुखी पुरणार नव्हती. खोटं असं हवं होतं की जे सगळ्यांना ताबडतोब खरं वाटेल.

"प्रकृती नाही साहेब. सवय नाही. घरी गादी असते. भाकरी जात नाही मला. आणि दूध लागतं, दोन वेळा. त्याशिवाय मी राहू शकत नाही."

कुणालाच शंका आली नाही. पाठारे प्रभूंची बाई, तिला दूध लागणारच. रांगेत आधी कुजबूज झाली, मग हसू. पद्मजा माझ्यापासून एक पाऊल बाजूला झाली आणि मोठ्यानं म्हणाली, "पापलेटही मागा म्हणावं!" साहेबांनासुद्धा हसू आवरेना. "ठीक आहे. बाईंना बी क्लास द्या. पुन्हा बदलणार नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. माझे कान जळत होते. कौसल्या खाली मान घालून उभी होती. आनंदीबाईंनी मात्र माझ्याकडे सरळ बघितलं आणि मग डोक्यावरचा पदर सारखा केला.

मला बराकीशेजारची खोली मिळाली. खाट, गादी, टेबल आणि एक खुर्ची. समितीतली खुर्ची बहुधा गेली होती, पण इथे दुसरी तयार होती. आमच्या नशिबातून खुर्ची काही सुटत नाही.

पहिल्या दिवशीचं दूध मी पदराखाली लपवून नळावर नेलं. कपडे धुण्याचं निमित्त करून कौसल्या आली. राधेनं एक घोट घेतला आणि तो माझ्या अंगावर थुंकला. मी नाक मुठीत धरून मिळवलेलं दूध ते! कौसल्या घाबरली. मग मी चहासाठी मिळणारी साखर आणून त्यात घातली, तेव्हा पोरीनं भांडं दोन्ही हातांनी धरलं आणि मान वर न करता संपवलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरला. मी नळाकडे येताना दिसले की ती आईच्या कडेवरून ओरडायची, "दूद इला! दूद इला!" आणि आम्ही दोघी तिचं तोंड दाबायला धावायचो. आजवर मला 'श्रीमती', 'अध्यक्षा', 'सौभाग्यवती' अशी पुष्कळ विशेषणं मिळाली आहेत. 'दूद' हे त्यांतलं एकच मी मिळवलेलं. मेट्रनबाई त्या वेळी भिंतीकडे तोंड करून तपकीर ओढत उभ्या असायच्या.

बाकी दिवस वाईट गेले. खोटं कशाला सांगू? संध्याकाळी बराकीतून गाणी ऐकू यायची, फुगड्यांचे पाय ऐकू यायचे, नकला चालायच्या. त्यात माझीही नक्कल असायची. 'दूध लागतं, दोन वेळा' एवढं कानावर यायचं आणि मग हशा. नक्कल चांगली होती, आवाज हुबेहूब होता. मी गादीवर बसून ऐकायची. ती गादी मला टोचायची असं म्हणणं शोभून दिसेल, पण गादी मऊ होती. त्याचाच राग यायचा. पाव-लोणी मी कौसल्येमार्फत आत पाठवायची. आत ते आनंदीबाईंनी कुठूनसं पैदा केलं म्हणून खाल्लं जायचं. आनंदीबाईंची कीर्ती वाढत होती.

सुटकेच्या दिवशी फाटकाबाहेर गर्दी होती. हार घेऊन वाडीतल्या बायका आल्या होत्या. एकेकीच्या गळ्यात हार पडत होता. नलू हार घेऊन माझ्यासमोर आली, थांबली, मागे बघितलं आणि तो हार आनंदीबाईंच्या गळ्यात दुसरा म्हणून घातला. वर्तमानपत्रानं माझा त्याग छापला नव्हता. त्याग मागे घेतल्याचं मात्र छापलं होतं, चौकटीत.

शरदचंद्र मोटार घेऊन आले होते. त्यांचा चेहरा इतका प्रसन्न की वाटावं तेच सुटून आलेत. "शाबास! चांगली एक रात्र काढलीस!" ते म्हणाले. "मी तर संध्याकाळच्या जेवणापर्यंतच धरलं होतं."

मी तोंड उघडलं. सगळं जिभेवर होतं. राधा, नळ, साखर, सगळं. इतक्यात फाटकाशी पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली. माहीमची तुकडी आत चालली होती. त्यात एक कोळीण होती, झोळीत मूल बांधलेलं. मेट्रनबाई फाटकात उभ्या होत्या. त्यांनी त्या मुलाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी तोंड मिटलं. ज्यांना माझी ओळख आहे त्यांना यावरून तुरुंगात माझ्यात केवढा बदल झाला ते कळेल.

मग ती गोष्ट यजमानांनी क्लबात सांगितली, मामंजींच्या श्राद्धाला सांगितली, माझ्या भाचीच्या, उर्मिलेच्या साखरपुड्यात तर मला शेजारी बसवून सांगितली. "पंखासुद्धा मागितलात का हो वहिनी?" असं लोक विचारायचे आणि मी हसायची. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. आणि ते धुपाटणं हसत हसत मिरवायचं होतं.

दिवाळीनंतर समितीची सभा झाली. आमच्याच दिवाणखान्यात, कारण पंखा अजून आमच्याकडेच होता. नलू उभी राहिली. चांगली मुलगी आहे. "आपल्या अध्यक्षांबद्दल आदर आहे," ती म्हणाली, "पण लोक हसतात. अध्यक्ष आनंदीबाईंनी व्हावं." सगळ्यांचं लक्ष सतरंजीच्या नक्षीकडे. घरमालकिणीला तिच्याच घरात खुर्चीवरून उठवायचं म्हणजे थोडं अवघडच.

"माझी हरकत नाही," मी म्हटलं आणि उठले. वाईट वाटलं. आनंदीबाई येऊन खुर्चीवर बसल्या, माझ्याकडे न बघता. कोपऱ्यात कौसल्या होती. तिनं तोंडाला पदर लावला होता. मी सतरंजीवर जाऊन बसले. या वेळी कुणी मागे सरकलं नाही. शेजारणीचं कोपर माझ्या बरगडीत होतं आणि नलूनं, "धरा जरा हं," म्हणून आपली कपबशी माझ्या हातात दिली.

"पुढची तुकडी," आनंदीबाई म्हणाल्या. "कोण कोण?"

हात वर झाले. परळची मीनाक्षी म्हणाली, "मी येते. पण माझं अंगावरचं बंद झालंय. मुलाला काय पाजू तिथे?"

"ते बघू आपण," आनंदीबाई म्हणाल्या. "काळजी करू नकोस." आणि खुर्चीवरून त्यांची नजर सतरंजीवर फिरत फिरत माझ्यापाशी येऊन थांबली.

मी हात वर केला. फार उंच नाही, खांद्यापर्यंत. हशा पिकला.

"पुन्हा?" नलू म्हणाली. "गादी घेऊन येणार का या वेळी?"

"घेऊन कशाला? तिथे मिळते," मी म्हटलं.

रात्री जेवताना यजमानांना सांगितलं, "सोमवारी मी तुरुंगात जाते."

"अगं, एकदा झाली ना हौस? आणखी हसं कशाला?"

"सवय झाली आता," मी म्हटलं आणि त्यांना भात वाढला. मी परवानगी मागितली नव्हती, हे आम्हा दोघांच्याही लक्षात जरा उशिरा आलं. त्यांचा भात निवला.

सोमवारी कोर्टात तेच मॅजिस्ट्रेट. शरदचंद्र मागच्या बाकावर येऊन बसले होते. का आले ते त्यांनी सांगितलं नव्हतं. साहेबांनी मला ओळखलं.

"या वेळी काही भाषण?"

"नाही साहेब."

"बी क्लास चालेल?"

"चालेल साहेब."

मागे खसखस पिकली. पंधरा दिवस सुनावले. मी वळले, तर मीनाक्षी पुढे येत होती. तिच्या कडेवर एक मूल होतं, आणि पदराला धरून दुसरं, तेवढंच हडकुळं. हे दुसरं मला कुणी सांगितलं नव्हतं. मला कुणी काही सांगत नाही. मी दोन भांड्यांचा हिशेब मनात करून पाहिला आणि पुन्हा साहेबांकडे तोंड केलं.

"साहेब, दूध जरा जास्त मिळेल का? मला फार लागतं."

अख्खं कोर्ट हसलं. पोलीस हसले, वकील हसले, साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी शरदचंद्रांकडे बघितलं. ते मीनाक्षीच्या मुलांकडे बघत होते, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते हसत नव्हते.